रत्नम्माची करंगळी

सिद्धप्पा मालकांचं बोलावणं आलं तेव्हा रत्नम्मा पानं कातरत होती. बिडीच्या कारखान्यात मालक एखाद्या बाईला आत बोलावत ते बहुधा बोल लावायलाच. म्हणून शेजारच्या चंद्रव्वानं कात्री थांबवून विचारलं, "काय झालं अक्का?"

"काय म्हाईत," रत्नम्मा म्हणाली. मांडीवरचं सूप तिनं बाजूला ठेवलं, पदरावरची तंबाखू झटकली आणि ती हपिसात गेली.

तिथं मालकांसमोर तिशीतला एक माणूस बसला होता. अंगात इस्त्रीचा शर्ट, पण नखांत ग्रीस. मालक म्हणाले, "हे त्रिंबकराव. अक्कलकोट रोडला यांचं वर्कशॉप हाय. बिडी वळायचं मशीन करणार हायेत. त्यांना तुझा हात बघायचाय."

रत्नम्मानं दोन्ही हात पुढं केले.

त्रिंबक गडबडून उठला. "तसं नाही मावशी. तुम्ही बिडी वळता ते बघायचंय. जवळ बसून, थोडे दिवस."

"बगा की," ती म्हणाली. दुसरं काय म्हणावं ते तिला सुचलं नाही, आणि कुणी तिला विचारतही नव्हतं. तेवढ्या दिवसांत बिड्या कमी भरल्या तरी रोज पुरा मिळेल, असं मालकांनी सांगितलं आणि बोलणं तिथं संपलं.

हे चौऱ्याहत्तर साल. सोलापूरच्या पूर्व भागात तेव्हा घराघरांत माग खडखडत असत. पुरुष मागावर आणि बायका बिडीवर, असं त्या वस्तीचं चालायचं. रत्नम्माचा नवरा आणि मुलगा दोघंही पॉवरलूमवर होते. सून अक्कम्मा घर सांभाळून बिड्या वळायची. रत्नम्मा स्वतः परकर नेसत होती तेव्हापासून आईशेजारी बसून वळत आली. कुणी तिला शिकवलं असं नव्हतं. आईचे हात चालत होते, एक दिवस तिचेही चालू लागले. आता पंचेचाळिशीत त्या पत्र्याच्या शेडमध्ये तिच्याइतका भरभर हात दुसरीचा नव्हता.

चंद्रव्वाची गोष्ट वेगळी. ती दुष्काळाच्या साली वळसंगहून शहरात आलेली. खुरप्यानं घट्टे पडलेले तिचे हात पानाला सरावायला तयार नव्हते. पहिले काही महिने तिच्या निम्म्या बिड्या चेकर बाळासो मोडून टाकायचा. अशा मोडलेल्या बिड्यांना छाट म्हणत. तंबाखू मालकाची परत व्हायची, बाईची मेहनत वाया जायची. रत्नम्मानं तिला आपल्याशेजारी बसवून घेतलं. चंद्रव्वा कानडी, रत्नम्मा तेलुगू. दोघींचं बोलणं मराठीत व्हायचं, आणि अडलं की हातवाऱ्यात.

दुसऱ्या दिवशी त्रिंबक तिच्यासमोर स्टूल टाकून बसला. बाया पदर तोंडाला लावून हसल्या. चार दिवसांनी हसणं थांबलं. तो बारकाईनं बघायचा आणि विचारायचा.

"मावशी, हे पान तुम्ही बाजूला का टाकलं?"

"वाळलंय की."

"दिसायला तर सारखंच आहे."

"दिसायला हाय सारकंच. हाताला न्हाय."

मग तो ते पान स्वतः चाचपून बघायचा, ओलं फडकं किती वेळ गुंडाळलं होतं ते विचारायचा. माणूस वाईट नव्हता. दुपारी बाया भाकरी सोडत तेव्हा तोही आपला डबा तिथंच उघडायचा. त्यानं एकदा सांगितलं की त्याची आई मिलमध्ये रिळं भरायची. कापसाची धूळ छातीत बसून ती लवकर गेली. "ही तंबाखूची धूळही तशीच," तो म्हणाला. "यंत्रानं ती खावी, माणसानं कशाला?"

चंद्रव्वा ऐकत होती. ती म्हणाली, "धूळ मशीन खाईल. मग आमी काय खायाचं?"

त्रिंबकनं डब्याचं झाकण लावलं. "यंत्रावरही माणसं लागतातच," तो म्हणाला.

"किती?"

त्याला ते खरंच ठाऊक नव्हतं.

त्याच्या वर्कशॉपात यंत्राचा सांगाडा तयार होत होता. पान ओढणारा पट्टा, तंबाखू सोडणारी चाळण, दोन रबरी रूळ. बिडी वळली जात होती, पण दोरा बसायच्या आधी उलगडत होती. रत्नम्माची बिडी का उलगडत नाही, हे तासन् तास बघूनही त्याला उमगेना. हात फार वेगानं चालत होते. शेवटी एका फोटो स्टुडिओवाल्याच्या ओळखीनं त्यानं फिल्मचा छोटा कॅमेरा आणला आणि तिच्या हातांचं चित्रण केलं. ते धुऊन मुंबईहून परत यायला बरेच दिवस गेले.

एका सुट्टीच्या दिवशी शेडच्या खिडक्यांना गोणपाट लावून त्यानं भिंतीवर ते वेग कमी करून दाखवलं. मालक होते, बाळासो होता, रत्नम्मा होती. ती एकटी नको म्हणून चंद्रव्वाही आली होती. भिंतीवर दोन मोठे हात उमटले आणि सावकाश, फार सावकाश हलू लागले.

"कुणाचं वं हे?" रत्नम्मानं चंद्रव्वाला विचारलं.

"तुमचेच," त्रिंबक म्हणाला.

तिला ते पटलं नाही. बांगड्या आपल्या होत्या, अंगठ्यावरचा कात्रीचा व्रण आपला होता. पण असे हात आपण कधी हलवले होते असं तिला वाटेना. त्रिंबकनं चित्र थांबवलं आणि काठीनं दाखवलं. डाव्या हाताची करंगळी.

"ही करंगळी काय करते मावशी?"

"काय न्हाय करत. ती रिकामीच असती."

त्यानं चित्र पुन्हा चालू केलं. बिडी वळून पुरी झाली, उजवा हात दोऱ्याकडे निघाला, आणि त्याच क्षणी ती रिकामी करंगळी वाकून पानाच्या सुट्या शेपटावर टेकली. दोरा येईपर्यंत टेकून राहिली. दोरा आला तशी उठली. पुढच्या बिडीला तेच. त्याच्या पुढच्या बिडीलाही तेच.

"हे मला दिसतच नव्हतं," त्रिंबक म्हणाला. त्याला मनापासून आनंद झाला होता. मालकही समाधानानं हसले. चंद्रव्वानं रत्नम्माकडे बघितलं. रत्नम्मा आपली करंगळी उजव्या मुठीत धरून बसली होती.

त्रिंबकनं यंत्राला एक पितळी बोट बसवलं. रुळातून बिडी बाहेर येताना ते खाली वाकायचं आणि पान दाबून धरायचं. बिडी उलगडायची थांबली.

रत्नम्माचं मात्र बिनसलं. दुसऱ्या दिवशी ती कामाला बसली आणि तिचं लक्ष करंगळीकडे गेलं. करंगळी आता टेकणार, असं मनात आलं की ती आधीच टेकायची, नाहीतर उशिरा. मग दोरा सरकायचा. तिनं लक्ष दुसरीकडे न्यायचा प्रयत्न केला, चंद्रव्वाशी बोलून बघितलं, डोळे मिटून वळून बघितलं. उलट त्रिंबकनं जे जे विचारलं होतं ते सगळं एकेक करून आठवू लागलं. अंगठा कुठं दाबते, तंबाखू कुठल्या बोटानं पसरते, मनगट केव्हा फिरवते. आजवर जे एका दमात होत होतं त्याचे तुकडे पडले होते आणि प्रत्येक तुकडा तिला मुद्दाम जोडावा लागत होता.

त्या आठवड्यात बाळासोनं पहिल्यांदा तिच्या बिड्या छाटीत टाकल्या. त्यालाही ते अवघड गेलं. "रत्नम्मा, बरं न्हाय का तुला?" त्यानं विचारलं.

"बरी हाय," ती म्हणाली.

घरी तिनं अक्कम्माला तेवढं सांगितलं. सून म्हणाली, "चार दिवस सुट्टी घ्या अत्ते, विसरून जाल." तिनं सुट्टी घेतली. चार दिवस ती बिडीला शिवली नाही. पाचव्या दिवशी बसली तेव्हा बोटं तशीच चुकत होती. हळूहळू थोडा वेग परत आला, पण पहिला हात काही आला नाही.

यंत्र शेडमध्ये आलं आणि कोपऱ्यात बसलं. त्याच्यावर ताडपत्री टाकलेली असायची. त्रिंबक सुट्टीच्या दिवशी येऊन ते चालवून बघायचा. ते पितळी बोट सगळ्यांनी बघितलं होतं, आणि ते कुणाच्या हातावरून घेतलं हेही सगळ्यांना ठाऊक झालं होतं. बायांनी यंत्राला नाव ठेवलं रत्नम्मा. "आज रत्नम्मा चालली का गं?" "न्हाय, रत्नम्माचा पट्टा तुटलाय." ती समोरून जात असली तरी बोलणं थांबायचं नाही. नळावर तिला जागा मिळेनाशी झाली. एके सकाळी चंद्रव्वानंही आपलं सूप उचललं आणि शेडच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली.

रत्नम्मानं तिला दारात गाठलं. "तू बी?"

"मी काय म्हणत न्हाय अक्का," चंद्रव्वा म्हणाली. "पर तू येकडाव तरी विचारायचं हुतं आमाला. आमचंबी हात हायेत की त्यात."

"मला कुणी विचारलं हुतं?"

"न्हाय. मला म्हाईत हाय. तरी पन."

रत्नम्मा दारातून बाजूला झाली. ती घरी गेली. वाटेत पहिल्यांदाच तिला त्रिंबकचा राग आला. मग तो मालकांवर गेला आणि शेवटी स्वतःवर येऊन थांबला.

पावसाळा संपता संपता छाटीचं प्रमाण फार वाढलं. बाळासो मूठमूठभर बिड्या मोडू लागला. त्याला वरून तसं सांगितलं असावं. बाया चिडल्या. किती छाट काढायची याला काही मर्यादा हवी, एवढीच मागणी घेऊन त्या हपिसासमोर उभ्या राहिल्या. पुढं चंद्रव्वा होती. तिचा आवाज खणखणीत होता आणि मालकांशी ती कानडीतही बोलू शकत होती.

सिद्धप्पा मालक बाहेर आले. ओरडले नाहीत. त्यांनी फक्त शेडच्या दारातून दिसणाऱ्या ताडपत्रीकडे हात केला. "मशीन तयार हाय," ते म्हणाले. "मी अजून चालू केलं न्हाय ते तुमच्याकडं बघून. आता तुमीच ठरवा."

मागच्या काही जणी हळूच शेडकडे वळल्या. चंद्रव्वानं मागं वळून त्यांच्याकडे बघितलं.

रत्नम्मा गर्दीच्या कडेला होती. मागणीत तिला कुणी घेतलं नव्हतं, ती आपणहून येऊन उभी राहिली होती. ती म्हणाली, "मालक, चालवून दावा."

"काय?"

"मशीन. आमच्यासमोर. सकाळी चालू करायचं ते सांजपातुर. आमचीच पानं घ्या, आमचीच तंबाखू."

"तुला कशाला त्याची पंचाईत?"

"माजंच नाव हाय की तिला," रत्नम्मा म्हणाली.

कुणीतरी हसलं. ते हसणं पूर्वीसारखं नव्हतं. मालकांना नाही म्हणता येईना. नाही म्हटलं असतं तर ताडपत्रीखाली काय आहे याची शंका सगळ्यांना आली असती.

त्रिंबकला बोलावलं. यंत्राला अजून काम हवंय, असं त्यानं हपिसात मालकांना सांगितलं, पण दिवस ठरून गेला होता. ठरलेल्या सोमवारी कुणी सूप हातात घेतलं नाही. सगळ्या यंत्राभोवती बसल्या. त्रिंबकनं मोटर चालू केली. तीन बाया त्यानं मदतीला घेतल्या, एक एकसारखी पानं कातरायला, एक पट्ट्यावर लावायला, एक खाली पडणाऱ्या बिड्या गोळा करायला.

सकाळी यंत्र झकास चाललं. बिड्या एकामागोमाग एक पत्र्याच्या डब्यात पडत होत्या. बाळासोनं चार-दोन उचलून दाबून बघितल्या आणि परत ठेवल्या. त्यांत मोडण्यासारखं काही नव्हतं. बायांचे चेहरे उतरले. पितळी बोट खाली वाकत होतं, उठत होतं, पुन्हा वाकत होतं. रत्नम्मा त्याच्याकडेच बघत होती. ते चुकत नव्हतं. आपली करंगळीही अशीच होती, तिला वाटलं, आणि आता ती आपली राहिली नाही.

ऊन चढलं तसं पत्र्याखाली पानं वाळू लागली. पट्ट्यावर फाटू लागली. एक फाटलं की यंत्र थांबवावं लागे, रूळ पुसावे लागत. त्रिंबकच्या शर्टाला घामाची धार लागली होती. त्यानं पानांवर ओलं गोणपाट टाकून बघितलं. मग ती चिकटू लागली. दुपारनंतर यंत्र जेवढा वेळ चाललं जवळजवळ तेवढाच वेळ थांबलं.

संध्याकाळी बाळासोनं ढीग मोजला. तीन बायांच्या मदतीनं आणि एका इंजिनिअरच्या देखरेखीखाली यंत्रानं जेवढ्या बिड्या केल्या, तेवढ्या चार बायांनी नुसत्या हातानं केल्या असत्या.

मालकांनी सगळ्यांसमोरच विचारलं, "त्रिंबकराव, याच्यापरीस जास्त न्हाय व्हायचं का?"

"आज तरी एवढंच," त्रिंबक म्हणाला. "पान एकसारखं मिळालं तर वाढेल."

चंद्रव्वानं विचारलं, "फुडल्या साली?"

"पुढच्या वर्षी जास्त होईल," तो म्हणाला. त्याला खोटं बोलायचं नव्हतं.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. यंत्र जिंकलं नव्हतं, पण हरलं असंही म्हणता येत नव्हतं. एवढं मात्र झालं की ताडपत्रीची भीती गेली. छाटीची मर्यादा मालकांनी दोन दिवसांनी मान्य केली. चंद्रव्वा आपलं सूप घेऊन आली आणि म्हणाली, "अक्का, सरक जरा." रत्नम्मा सरकली.

पुढचं कुणाच्या मनात आलं नव्हतं. बिडी कामगारांचा नवा कायदा हळूहळू लागू होत होता. शेड चालवायची तर पंखे हवेत, संडास हवेत, बायांना रजा हवी. सिद्धप्पा मालकांना यंत्र महाग पडत होतं आणि शेडही महाग पडू लागली. त्यांनी दोन्ही सोडलं. वर्षाच्या आत शेड बंद झाली. पान आणि तंबाखू ठेकेदाराकडून घरोघर वाटायची, बायांनी घरी वळून आणून द्यायची, अशी दुसरीकडं चालणारी पद्धत त्यांनीही सुरू केली. ठेकेदार झाला बाळासो. त्याच्या दारात प्रत्येक बाई एकेकटी उभी राहायची, त्यामुळे छाटीच्या मर्यादेची त्याला आठवण करून द्यायला बरोबर कुणी उरलं नाही. यंत्र हातगाडीवर घालून त्रिंबकच्या वर्कशॉपात परत गेलं. ते जाताना रस्त्यावरच्या माणसांना वाटलं, कसलातरी माग असेल.

रत्नम्माच्या घरी आता अक्कम्मा वळायची आणि रत्नम्मा पानं कातरून द्यायची. कधी कधी ती टॉवेलच्या दशांना गाठी मारायचं काम आणायची. त्यात करंगळीचा संबंध येत नव्हता. चंद्रव्वा लांब राहायला गेली होती. भेट बाजारात व्हायची.

दोन वर्षांनी त्रिंबक घरी आला. सायकल भिंतीला लावून उंबऱ्याबाहेर उभा राहिला. केस थोडे विरळ झाले होते. रत्नम्मानं त्याला आत बोलावून पाट दिला. अक्कम्मानं चहा टाकला.

"हात कसे आहेत मावशी?"

"हायेत. चाललंय."

मग त्यानं आल्याचं कारण सांगितलं. दुसऱ्या एका गावच्या मोठ्या कारखानदारानं यंत्राचे नकाशे मागवले होते. पानाऐवजी कागद वापरून ते बघणार होते. तिथं नवीन यंत्र जुळवताना रत्नम्मानं पंधरा दिवस यावं, कागदावर हात कसा चालतो ते दाखवावं, अशी त्याची इच्छा होती. राहायची सोय होती. रोजही चांगला होता.

"माजा हात आता तसा ऱ्हायला न्हाय," ती म्हणाली.

"मला माहीत आहे. पण हात काय करतो ते तुम्हाला सांगता येतं. बाकीच्यांना सांगता येत नाही. मला आता त्याचाच जास्त उपयोग आहे."

रत्नम्मानं हातातलं पान खाली ठेवलं. "तितं बाया हायेत का, वळणाऱ्या?"

"पुष्कळ आहेत."

"त्यांना म्हाईत हाय का, मी कशाला येणार ते?"

"नाही."

"मग त्यांना आदी सांगा. समद्यांना. काय करताय, कशाला करताय. त्या या म्हणाल्या तर मी येते. नको म्हणाल्या तर न्हाय."

त्रिंबकनं चहाचा घोट घेतला. "असं कुणी विचारत नाही मावशी. कारखानदार ऐकायचा नाही."

"मग नका विचारू. मी न्हाय येत."

त्यानं आग्रह केला नाही. चहा संपवून तो उठला, चपला घालता घालता म्हणाला, "मी पण त्या वेळी तुम्हाला विचारलं नव्हतं."

"व्हय," रत्नम्मा म्हणाली. "न्हाय विचारलं."

तो गेल्यावर अक्कम्मा म्हणाली, "अत्ते, रोज चांगला हुता." रत्नम्मानं कात्री पुन्हा हातात घेतली. संध्याकाळच्या आत पानं पुरी करून द्यायची होती. त्या गावात पुढं यंत्र बसलं की नाही, बसलं तर तिथल्या कुणाचे हात त्यासाठी बघितले, हे तिला कधी कळलं नाही. तिनं एकदोनदा बाजारात चौकशी केली होती. कुणालाच ठाऊक नव्हतं.